सपाट पडद्याची स्वस्ताई

घरगुती संगणकासाठीं मॉनिटर घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानांत बहुधा दोनच प्रश्न विचारतो : किती इंचांचा, आणि कितीला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु दुसऱ्या प्रश्नाचें जें उत्तर आज सहज मिळतें, तें पाव शतकापूर्वीं कोणी दिलें असतें तर ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटली असती. मार्च १९९८ मध्यें ॲपल या अमेरिकन कंपनीनें पंधरा इंचांचा सपाट पडदा विक्रीस काढला, त्या वेळीं त्याची किंमत १,९९९ डॉलर होती. मे २००१ मध्यें त्याच कंपनीचा त्याच मापाचा पडदा ५९९ डॉलरांस मिळूं लागला. तीन वर्षांत किंमत एकतृतीयांशाच्याहि खालीं आली. धान्य, घरभाडें, शाळेची फी हीं सारीं वर्षानुवर्षें चढत असतां एकच वस्तु अशी उतरत जावी, याचें कारण काय?

‘विज्ञानाची प्रगति’ असें उत्तर यावर तत्काळ दिलें जातें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. प्रगति झाली म्हणजे वस्तु निर्माण होते ; ती स्वस्त होईलच असें नाहीं. सपाट पडद्याच्या इतिहासांत शोध लावणारे एक, कारखाने उभारणारे दुसरे आणि नफा मिळविणारे तिसरेच निघाले. आणि कांहीं वर्षें तर त्याची किंमत ठरविणारे लोक बाजारांत नव्हे, हॉटेलांतील बंद दाराआड जमत होते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या टेबलावर हा पडदा परवडेल अशा दरानें कसा येऊन पोहोंचला, हें समजून घ्यावयाचें तर या चौघांचीहि ओळख करून घेतली पाहिजे.

सपाट पडद्याचें मोल कळण्यासाठीं प्रथम त्याच्या आधीचें यंत्र आठवावें लागेल. १८९७ सालीं स्ट्रासबर्ग येथें कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्यानें ऋणकिरणांची नळी तयार केली. बिनतारी संदेशवहनाच्या कार्याबद्दल १९०९ चें नोबेल पारितोषिक मार्कोनीबरोबर ज्याला विभागून मिळालें, तोच हा ब्राउन. त्याच्या नळींतूनच पुढें दूरचित्रवाणीची ‘पिक्चर ट्यूब’ आणि संगणकाचा जुना मॉनिटर हे दोन्ही जन्मास आले. या नळीच्या मागील टोंकाकडून विद्युत्कणांचा झोत सुटतो, चुंबकीय वेटोळीं त्याला डावीकडे-उजवीकडे, वर-खालीं वांकवितात, आणि तो पुढच्या कांचेवरील लेपावर आदळला म्हणजे तेथें प्रकाश पडतो. झोताला वांकण्यास अंतर हवें, म्हणून नळी खोल. आंत निर्वात पोकळी असल्यामुळें बाहेरच्या हवेचा दाब सोसण्यास कांच जाड. क्ष-किरण अडविण्यासाठीं त्या कांचेंत शिसें. या सर्वांचा परिणाम असा कीं, सतरा इंचांचा मॉनिटर पंधरा-वीस किलो वजनाचा होई, अर्धें टेबल अडवी आणि पाऊणशें ते शंभर वॅट वीज घेई. शिवाय माप धरलें जाई तें नळीचें. त्यामुळें सतरा इंचांच्या मॉनिटरचा प्रत्यक्ष दिसणारा भाग सोळा इंचांच्या आसपासच भरे. एवढे दोष असूनहि हें यंत्र पन्नास वर्षें टिकलें, कारण तें स्वस्त होतें. दूरचित्रवाणीसाठीं उभारलेल्या कारखान्यांचा खर्च केव्हांच वसूल झालेला होता. नव्या पडद्याला झुंज द्यावयाची होती ती या स्वस्ताईशीं.

या नव्या पडद्याचा उगम मात्र विद्युत्शास्त्रांत नाहीं. तो वनस्पतिशास्त्रांत आहे. १८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरांत आढळणाऱ्या कोलेस्टेरॉलजातीच्या द्रव्यांचा अभ्यास करीत होता. त्यांपैकीं एका संयुगाला त्याला दोन वितळबिंदु असल्याचें दिसून आलें. १४५.५ अंश सेल्सिअसला तें वितळे, पण होणारा द्रव दुधासारखा गढूळ असे, आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकाएकीं स्वच्छ होई. गोंधळलेल्या रायनिट्झरनें हें द्रव्य ओटो लेहमान या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्याकडे पाठविलें. लेहमानजवळ पदार्थ तापवीत असतांनाच ते न्याहाळतां येतील असें सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. त्यानें निर्वाळा दिला कीं, हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाशीं वागतो तो स्फटिकासारखा. द्रवस्फटिक हें वरवर परस्परविरोधी वाटणारें नांव त्यांतूनच पडलें.

हा विरोध समजण्यास पंढरीच्या वाटेवरील दिंडी डोळ्यांपुढें आणावी. दिंडींतील माणसें मागें-पुढें सरकतात, जागा बदलतात, कोणी कोणाशीं बांधलेला नसतो. परंतु साऱ्यांचीं तोंडें एकाच दिशेला असतात. द्रवस्फटिकांतील काडीसारखे लांबट रेणू असेच वाहतात आणि तरीहि एकाच दिशेस तोंड करून राहतात. ही दिशा बाहेरून बदलतां आली, तर त्यांतून जाणाऱ्या प्रकाशावरहि ताबा मिळतो. सबंध सपाट पडदा या एका गोष्टीवर उभा आहे. पण हें ज्ञान सुमारें ऐंशी वर्षें प्रयोगशाळेंतच राहिलें. १९३६ मध्यें मार्कोनी कंपनीनें द्रवस्फटिकाचा प्रकाशाच्या झडपेसारखा उपयोग करण्याचें एक पेटंट घेतलें खरें, परंतु त्यापुढें कांहीं घडलें नाहीं. पदार्थ शंभर-दीडशें अंशांना तापवावा तेव्हां कोठें तो या अवस्थेंत यावयाचा, असलें द्रव्य घरांत कोण ठेवणार?

या स्थितींत पहिला मोठा पालट अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेंत झाला. तेथें जॉर्ज हाइलमायर व त्याचे सहकारी यांनीं विजेच्या दाबानें द्रवस्फटिक गढूळ करून त्यावर अंक व आकृति उमटविण्याची पद्धति काढली, आणि मे १९६८ मध्यें कंपनीनें ती समारंभपूर्वक जाहीर केली. भिंतीवर तसबिरीसारखी टांगतां येईल अशा दूरचित्रवाणीच्या गोष्टी वर्तमानपत्रांत येऊं लागल्या. परंतु ज्या कंपनीचें उत्पन्न रंगीत चित्रनलिकेवर चालत होतें, तिला त्या नलिकेचा प्रतिस्पर्धी आपल्याच घरांत वाढविण्याची घाई नव्हती. थोड्याच काळांत हाइलमायर कंपनी सोडून गेला आणि कंपनीचा उत्साहहि मावळला.

तेथील आणखी एक संशोधक, वुल्फगँग हेलफ्रिख, याला याहून चांगली युक्ति सुचलेली होती. तिचें चीज होत नाहीं असें पाहून तो स्वित्झर्लंडांत बाझल येथें हॉफमन-ला रोश या औषधांच्या कंपनींत गेला, आणि तेथें मार्टिन शाट याच्यासह त्यानें डिसेंबर १९७० मध्यें त्या युक्तीचें पेटंट मागितलें. अमेरिकेंत ओहायो प्रांतीं जेम्स फर्गसन हाहि स्वतंत्रपणें त्याच वाटेनें चालला होता. युक्ति अशी : दोन कांचांच्या मध्यें, मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाएवढ्या फटींत द्रवस्फटिक भरावयाचा, एका कांचेजवळ रेणूंची दिशा उभी ठेवावयाची, दुसरीजवळ आडवी. मधले रेणू मग गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें हळूहळू वळत जातात, आणि त्यांतून जाणारा एकदिशात्मक प्रकाशहि त्यांच्यासह काटकोनांत वळून पलीकडच्या चाळणींतून बाहेर पडतो. विजेचा अगदीं थोडा दाब दिला कीं रेणू सरळ उभे राहतात, जिना मोडतो, आणि प्रकाश अडतो. वीज येथें प्रकाश निर्माण करीत नाहीं. ती केवळ दार उघडते व लावते. म्हणूनच तिचा खर्च इतका अल्प.

आतां उणीव राहिली ती नेहमींच्या हवामानांत टिकणाऱ्या द्रव्याची. ती इंग्लंडांत हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे या रसायनशास्त्रज्ञानें १९७३ सालीं भरून काढली. त्यानें बनविलेलीं सायनोबायफिनाइल संयुगें साध्या खोलीच्या तपमानांत द्रवस्फटिकावस्थेंत राहत आणि हवा-पाण्यानें बिघडत नसत. त्याच वर्षीं जपानच्या शार्प कंपनीनें अमेरिकेंत मागें पडलेल्या हाइलमायरच्या पद्धतीचा उपयोग करून खिशांत मावणारें गणनयंत्र बाजारांत आणलें. तें एका लहानशा बॅटरीवर शंभर तास चाले. घड्याळें आणि गणनयंत्रें यांवर जपानी कारखान्यांनीं या विद्येचे पहिले धडे गिरविले.

तथापि घड्याळावरील चार अंक निराळे आणि संगणकाचा पडदा निराळा. १०२४ गुणिलें ७६८ बिंदूंच्या पडद्यावर पावणेआठ लाखांहून अधिक बिंदु असतात, आणि प्रत्येकास तांबडें, हिरवें व निळें अशीं तीन दारें. अशा तेवीस लाखांवर दारांना वेगवेगळा हुकूम कसा द्यावयाचा? यासाठीं प्रत्येक दाराशीं एक पहारेकरी, म्हणजे एक ट्रान्झिस्टर, कांचेवरच बसविण्याची कल्पना पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनींतील पीटर ब्रोडी या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञानें चिकाटीनें पुढें नेली. १९७३ पर्यंत त्यानें सहा इंच लांब-रुंद पडदा प्रत्यक्ष करून दाखविला. पुढें वेस्टिंगहाउसनेंहि तें काम बंद केलें. १९७९ मध्यें स्कॉटलंडांत डंडी विद्यापीठाच्या स्पिअर व लकोंबर यांनीं सिलिकॉनच्या पातळ, अस्फटिक थरापासून असे ट्रान्झिस्टर करतां येतात हें सिद्ध केलें, आणि मोठ्या कांचेवर ते स्वस्तांत उमटविण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८८ मध्यें शार्पनें चौदा इंचांचा रंगीत पडदा दाखविला, तेव्हां पिक्चर ट्यूबची जागा या पडद्याला घेतां येईल याविषयींचा संशय फिटला.

संशय फिटला, तरी किंमत फिटली नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत हे पडदे प्रथम गेले ते मांडीवरच्या संगणकांत. तेथें पिक्चर ट्यूब घालणें अशक्यच असल्यानें श्रीमंत गिऱ्हाईक वाटेल ती किंमत देत होतें, आणि त्या पैशावर कारखाने वाढत होते. घरगुती मॉनिटरची स्वस्ताई अशा रीतीनें दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पदरच्या पैशांतून सुरू झाली.

स्वस्ताईची खरी किल्ली मात्र कांचेच्या आकारांत आहे. पडदे एकेक करून बनवीत नाहींत. वडीच्या ताटाप्रमाणें एका मोठ्या कांचेवर अनेक पडदे एकदम थापतात व मागाहून कापतात. ताट लहान असो वा मोठें, कृति तीच आणि तिला लागणारा वेळहि फारसा निराळा नाहीं. तेव्हां ताट जेवढें मोठें, तेवढी वडी स्वस्त. आरंभींच्या ३७० गुणिलें ४७० मिलिमीटरच्या कांचेवर सतरा इंचांचा एकच पडदा निघे. २००२ च्या सुमारास ११०० गुणिलें १३०० मिलिमीटरच्या कांचेवर तसे बारा निघूं लागले. २००९ मध्यें शार्पनें साकाई येथें जो कारखाना उघडला, त्याची कांच २८८० गुणिलें ३१३० मिलिमीटर होती ; एखाद्या दिवाणखान्याच्या जाजमाएवढी !

पण असा कारखाना उभारावयास अफाट भांडवल लागतें, आणि तो उभा राहून माल देईपर्यंत वर्ष-दोन वर्षें निघून जातात. पडदे महाग असतां सर्वजण एकदम कारखाने काढतात. ते एकदम तयार होतात. बाजारांत मालाचा पूर येतो आणि भाव कोसळतात. मग कोणी नवा कारखाना काढीत नाहीं, टंचाई होते, आणि चक्र पुन्हां फिरतें. कांद्याच्या भावाचा हा खेळ महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास व गृहिणीस नवा नाहीं ; येथें फक्त कांद्याच्या जागीं कांच आहे. कोरियांतील सॅमसंग व एल. जी. यांनीं १९९५ मध्यें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलें आणि मंदीच्या दिवसांतहि मोठ्या कांचेवर पैसा ओतला. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर पैशाच्या ओढीनें जपानी कंपन्यांनीं आपली विद्या मोबदला घेऊन तैवानच्या कारखानदारांस दिली. तैवानचे नवे कारखाने माल देऊं लागले, आणि २००१ मध्यें पूर आला. वर सांगितलेली ५९९ डॉलरांची किंमत त्याच पुराच्या वर्षांतली आहे.

या स्वस्ताईंत भारताचा व नागपूरचाहि एक वांटा आहे, आणि तो फारसा कोणास ठाऊक नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनीं १९५१ सालीं नागपूर विद्यापीठाची एम. एस्‌सी. पदवी घेतली आणि ते संशोधनासाठीं बंगळूरला मामांच्या संस्थेंत गेले. पुढें तेथेंच द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा चालवीत असतां, १९७७ मध्यें, त्यांनीं व त्यांचे सहकारी सदाशिव आणि सुरेश यांनीं एक नवीनच गोष्ट उजेडांत आणली. काडीसारखेच नव्हे, तर चकतीसारखे चपटे रेणूहि द्रवस्फटिक होऊं शकतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. हा शोध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचा पडद्याशीं संबंध काय? बाझलच्या पद्धतीचा पडदा सर्वांत स्वस्त, पण समोरून सोडून बाजूनें पाहिला कीं त्याचे रंग फिके अथवा उलटे दिसत. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास जपानच्या फुजी फिल्म कंपनीनें चकतीसारख्या रेणूंचा एक पातळ पापुद्रा तयार केला ; तो पडद्यास चिकटविला म्हणजे हा दोष बराच कमी होई. महाग पद्धतीकडे न वळतां स्वस्त पडदाच कामचलाऊ करून घेण्याची सोय या पापुद्र्यानें झाली. २००४ मध्यें चंद्रशेखर निवर्तले, त्या सुमारास घरोघर जाणाऱ्या स्वस्त मॉनिटरांत त्यांनीं दाखविलेल्या जातीचे रेणू निमूटपणें काम करीत होते.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल कीं, विद्या, भांडवल आणि स्पर्धा यांचा मेळ बसला म्हणजे वस्तु आपोआप स्वस्त होते. २००१ च्या पुरानंतर जें घडलें तें या समजुतीस धक्का देणारें आहे. भाव उत्पादनखर्चाच्याहि खालीं जाऊं लागल्यामुळें घाबरलेल्या कोरियन व तैवानी कारखानदारांच्या प्रतिनिधींनीं १४ सप्टेंबर २००१ रोजीं तैपेई येथील एका हॉटेलांत गुप्तपणें भेटून भावांची बोलणीं केली. पुढें दर महिन्यास अशा भेटी होऊं लागल्या. युरोपीय आयोगाच्या निर्णयानुसार एकंदर सुमारें साठ बैठका झाल्या. जमणारे लोक त्यांना ‘स्फटिक बैठका’ म्हणत. कोणत्या मापाच्या पडद्याचा किमान भाव किती ठेवावयाचा, कोण किती माल काढणार, हें तेथें बोललें जाई. हा प्रकार २००६ पर्यंत चालला.

गुन्हा उघडकीस आला तो भागीदारांपैकींच एकानें माहिती दिल्यामुळें. सॅमसंगनें युरोपीय आयोगाशीं सहकार्य केल्यानें तेथें तिला दंड झाला नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें एल. जी., शार्प व चुंगह्वा पिक्चर ट्यूब्ज या तीन कंपन्यांनीं अमेरिकेंत गुन्हा कबूल करण्याचें मान्य करून एकंदर ५८.५ कोटी डॉलर दंड स्वीकारला. डिसेंबर २०१० मध्यें युरोपीय आयोगानें पांच कंपन्यांस सुमारें ६५ कोटी युरो दंड केला. तैवानच्या ए. यू. ऑप्ट्रॉनिक्स कंपनीनें गुन्हा नाकारला. सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीनें २०१२ मध्यें तिला दोषी ठरविलें, आणि ५० कोटी डॉलर दंडाबरोबर तिच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांस तीन-तीन वर्षांची कैदहि झाली. अमेरिकन ग्राहकांच्या दाव्यांत नुकसानभरपाईची रक्कम एक अब्ज डॉलरांच्या वर गेली.

मार्च २००२ मध्यें ॲपलनें आपल्या सपाट पडद्याच्या नव्या संगणकाची किंमत शंभर डॉलरांनीं वाढविली, आणि स्मृतीचे भाग व पडदे महागल्याचें कारण सांगितलें. ती वाढ सर्वस्वीं या बैठकांमुळेंच झाली असें म्हणतां येणार नाहीं. मागणी वाढली होती हेंहि खरें. परंतु ज्या वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबें जुना बोजड मॉनिटर टाकून सपाट पडदा घेण्याचा विचार करीत होतीं, नेमक्या त्याच वर्षांत भाव उतरूं नयेत म्हणून कोणी रात्रंदिवस झटत होतें, ही गोष्ट न्यायालयांत शाबीत झाली आहे. ज्यांना भरपाई मिळाली त्यांत मुंबई-पुण्याचे ग्राहक नव्हते. पण पडदे त्याच कारखान्यांतून येत असल्यानें जगांतील कोणताहि ग्राहक त्या भावांपासून अगदीं अलिप्त नव्हता.

भावाचा आणखी एक वांटेकरी म्हणजे सरकार. १९९७ मध्यें भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला, आणि त्यान्वयें संगणकसामग्रीवरील आयात जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्यानें काढली गेली. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत परदेशी मॉनिटर वाजवी दरांत दिसूं लागले, त्याचें हें एक कारण होय. पुढें वस्तु व सेवाकरांत मोठ्या पडद्यांस २८ टक्क्यांच्या गटांत घातलें गेलें. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरांस १८ टक्के दर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याहून मोठेहि त्याच दरांत आले.

आतां या साऱ्या इतिहासाचा आजच्या ग्राहकास उपयोग काय, हें पाहणें प्राप्त आहे. पहिली गोष्ट इंचांची. इंच हें कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचें माप आहे, क्षेत्रफळाचें नव्हे. जुन्या चौकोनी बांध्याच्या एकोणीस इंची पडद्यापेक्षां रुंद बांध्याच्या एकोणीस इंची पडद्याचें क्षेत्रफळ सुमारें एकअष्टमांशानें कमी भरतें. रुंद पडद्याची चाल पडली तेव्हां इंच तेच राहिले आणि कांच कमी झाली. त्याचप्रमाणें चोवीस इंचांवर १९२० गुणिलें १०८० बिंदु असले तर दर इंचास सुमारें ब्याण्णव बिंदु पडतात. सत्तावीस इंचांवर तेच बिंदु ताणले तर ब्याऐंशीच. मोठा पडदा घेतला आणि अक्षर मात्र ठसठशीत न होतां खरबरीत झालें, असा अनुभव अनेकांस येतो तो यामुळें. सत्तावीस इंच घ्यावयाचेच तर २५६० गुणिलें १४४० बिंदूंचा पडदा पाहावा. नाहीं तर वाचन-लेखनास चोवीस इंच पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट नांवांची. दुकानांत ‘एल. ई. डी. मॉनिटर’ म्हणून जो दाखवितात, तो बहुधा द्रवस्फटिकाचाच असतो. बदललेला असतो तो मागचा दिवा. पूर्वीं तेथें पाऱ्याच्या बारीक नळ्या असत. जपानांत अकासाकी, अमानो व नाकामुरा यांच्या निळ्या दिव्यामुळें पांढरा एल. ई. डी. शक्य झाला, त्याबद्दल त्यांस २०१४ चें नोबेल मिळालें, आणि मॉनिटरांतील पारा गेला. तेव्हां या नांवासाठीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं. मोजावयाचेच तर ते पडद्याच्या जातीसाठीं मोजावे. बाझलच्या पद्धतीचा टी. एन्. पडदा स्वस्त, पण बाजूनें पाहण्यास कच्चा. हिताची कंपनीनें १९९६ मध्यें बाजारांत आणलेल्या आय. पी. एस्. जातींत रेणू उभे न राहतां कांचेशीं समांतरच फिरतात, त्यामुळें कोणत्याहि बाजूनें रंग बहुतेक तेच दिसतात. आई, मुलें व आजोबा असे तिघेजण ज्या घरांत एकाच पडद्याभोंवतीं बसतात, त्या घरास ही जात मानवते ; आणि आज तिची किंमतहि फार अधिक राहिलेली नाहीं. खेळणाऱ्यांसाठीं केलेली अतिवेगवान चित्रगति मात्र हिशेब लिहिणाऱ्यास किंवा अभ्यास करणाऱ्यास अनावश्यक होय.

तिसरी गोष्ट नफ्या-तोट्याची आहे, आणि ती विचार करण्याजोगी आहे. ज्या आर. सी. ए. नें प्रारंभ केला ती कंपनी १९८६ मध्यें दुसरीनें गिळली. ज्या शार्पनें हा पडदा वाढविला, ती २०१६ मध्यें तैवानच्या मालकीची झाली. आणि साकाईच्या त्या भव्य कारखान्यांत दूरचित्रवाणीच्या पडद्यांचें उत्पादन २०२४ मध्यें थांबलें. सॅमसंगनेंहि २०२२ मध्यें द्रवस्फटिकी पडदे करणें सोडलें. आज या धंद्याचें बळ मुख्यतः चीनकडे गेलें आहे. ग्राहकास जी वस्तु स्वस्त मिळाली, तिच्यापायीं एकामागून एक कारखानदार बुडत वा हटत गेले. आतां उरलेल्यांची संख्या जसजशी घटेल, तसतशी बंद दाराआड जमण्याची सोय वाढेल, हें विसरतां येत नाहीं.

सारांश, सपाट पडदा स्वस्त झाला तो कोणाच्या औदार्यानें नव्हे, आणि केवळ कोणाच्या बुद्धीनेंहि नव्हे. प्राग, हल, डंडी आणि बंगळूर येथील संशोधकांनीं बाजारभावाचा विचार न करतां निसर्गाला प्रश्न विचारले. कारखानदारांनीं एकमेकांवर मात करण्यासाठीं कांच वाढवीत नेली. आणि स्पर्धेचा कंटाळा येऊन त्यांनीं हातमिळवणी केली तेव्हां कायद्यानें त्यांस वेगळें केलें. या तिहींपैकीं एकहि नसतें तर घरोघर आज हा पडदा दिसला नसता. पहिल्या गोष्टीसाठीं विद्यापीठें जगलीं पाहिजेत, दुसरीसाठीं बाजार खुला राहिला पाहिजे, आणि तिसरीसाठीं न्यायालयें जागीं असलीं पाहिजेत. ग्राहकाच्या हातीं राहतें तें एवढेंच कीं, त्यानें इंच व किंमत यांच्याबरोबर पडद्याची जात, बिंदूंची संख्या आणि नांवामागचा अर्थहि विचारावा. विचारणारें गिऱ्हाईक ज्या बाजारांत असतें, तेथें भाव लपविणें थोडें तरी कठीण होतें.